कुणाचे बारा?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असं पत्र आलं आणि सर आठवले. कोण ते सांगायला नको. आपल्या शाळेत विज्ञानाचे सर म्हणजे सरच. संमेलनं, सहली, पीटीचा मार यावर बाकीचे लिहितीलच. मी काठीवर लिहितो.

आठवीत होतो. नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर सरांनी मैदानात टाकीपाशी मीटरभर काठी ओळंबा लावून रोवली आणि भोवती सुतळीनं गोल काढला. सावलीचं टोक सकाळी गोलाच्या आत शिरलं तेव्हा दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. मध्येच गिरणीचा भोंगा झाला. मी ओरडलो, "सर, बारा!" सर म्हणाले, "कुणाचे बारा बे?"

टोक गोलाबाहेर पडलं दोन पन्नासला. मध्य, म्हणजे सूर्य सगळ्यात वर असतो ती वेळ, काढला तर बारा सव्वीस. भोंगा कधीच होऊन गेला होता! सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं: आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतात, सोलापूर शहात्तरच्या जरा अलीकडे, अंशाला चार मिनिटं.

वडील गिरणीत साच्यावर होते. आमच्या घरी भोंगा म्हणजेच वेळ. त्यामुळे मी जरा चिडूनच विचारलं, "मग खरी वेळ कुठली? बघायला कुणीच नसलं तर असते का ती?"

सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच पुड्यातल्या दोन अगरबत्त्या एकदम पेटवल्या. एक टेबलावर, दुसरी प्रयोगशाळेच्या कपाटात, कुलूप लावून. टेबलावरची अर्धी झाल्यावर कपाट उघडलं. आतलीही अर्धीच, राख वाकलेली. मी म्हणालो, "पण उघडून बघितलं आपणच ना सर!" सर खळखळून हसले. "बघितलं आपण. जळली ती."

आज पुण्यात माझं काम कॅलिब्रेशनचं, दुसऱ्यांची मोजमापं तपासायचं. सिझियमच्या अणूतून निघणाऱ्या लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद, हे १९६७ साली माणसांनी ठरवलं. आकडा आपला, अणू त्याच्या आधीही तसाच होता. आइनस्टाईनच्या सापेक्षता सिद्धांतातला 'निरीक्षक' शब्दही फसवा आहे, त्याला डोळे लागत नाहीत. १९७१ साली सिझियमची घड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तर ती जमिनीवरच्या घड्याळाशी जुळेनात. विमानात कोण जागं होतं, कोण झोपलं होतं, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरी वेळ म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मी अजून अडखळतो. सरांना हे सांगायचं राहून गेलं. ते गेल्याचंही मला दोन महिन्यांनी कळलं.

मागच्या महिन्यात शाळेत डोकावलो. भोंगा केव्हाच बंद झालाय. टाकी पाडलीय, मैदानात पेव्हिंग ब्लॉक घातलेत. छान दिसतात, पण काठी रोवायची कुठं? निमंत्रणपत्रिकेत मात्र छापलंय: दुपारी ठीक बारा वाजता.