जोडशब्दांची वही: दीपगृहापाशी अडलेला आघात

मागच्या नोंदीनंतर वहीत साठ इंग्रजी जोडशब्दांची भर पडली. मात्र त्यांपैकी बऱ्याच शब्दांवर मी आघाताच्या, म्हणजे उच्चारताना जोर कुठे पडतो त्याच्या, खुणा चुकीच्या केल्या होत्या, हे या आठवड्यात ध्यानात आले. शाळेत वृत्ते लघु-गुरूच्या खुणांनी शिकल्यामुळे अक्षर लांब दिसले की त्यावर आघात देण्याची खोड हाताला जडली आहे.

रत्नागिरीच्या किल्ल्यावरील दीपगृहाकडे चढताना ‘लाइटहाउस’ मोठ्याने म्हणून पाहिले. आपल्या लिपीत त्याची ला-इ-ट-हा-उ-स अशी सहा अक्षरे होतात, पण उच्चारात अवयव, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे तुकडे, दोनच आहेत. मुख्य आघात ‘लाइट’वर पडतो आणि ‘हाउस’मधला जोडस्वर कितीही ऐसपैस असला तरी त्याला दुय्यम जागाच मिळते. पुढे ‘कीपर’ जोडला की पहिला क्रमांक ‘लाइट’चा, दुसरा ‘की’चा आणि ‘हाउस’ तिसऱ्यावर घसरतो. तेच अवयव ‘लाइट हाउसकीपर’ म्हणजे वजनाने हलक्या अशा घरकामवालीसाठी वापरले, तर ‘हाउस’ सर्वांत वर चढतो, ‘लाइट’ दुसरा येतो आणि ‘की’ तळाला जातो. हा फरक कानाला पटेपर्यंत मी दोन्ही शब्द इतक्या वेळा म्हटले की बाजूने जाणारे गृहस्थ थांबून पाहू लागले.

अवयव कुठे तुटतो हे कळायला ‘नाइट रेट’ आणि ‘नायट्रेट’ ही जोडी उपयोगी पडली. ध्वनी तेच, पण पहिल्यात ‘ट’ सांध्याच्या अलीकडे अडतो, तर दुसऱ्यात तो ‘र’ला बिलगून पुढच्या अवयवात जातो. ‘फणसपोळी’ म्हणताना ‘स’ आपण असाच अलीकडे ठेवतो, त्यामुळे हे लवकर उमजले.

आघात नसल्याने दुबळ्या पडलेल्या स्वराच्या बाबतीत मराठी लेखन कधी कधी इंग्रजी कानाइतकेच नेमके ठरते. ‘पोस्टमन’ आपण ‘मॅन’ न करता लिहितो, आणि इंग्रजी उच्चारातही त्या शेवटच्या अवयवाचा स्वर खरोखर झिजलेला असतो. ‘ब्रेकफास्ट’मध्ये मात्र आपण फसलो, तिथे ‘फास्ट’चे जवळजवळ ‘फस्ट’ होते.

अपवादांचे पान अजून भरतेच आहे. ‘ॲपल केक’मध्ये आघात फळावर, ‘ॲपल पाय’मध्ये मात्र तो पदार्थावर पडतो; ‘फिफ्थ स्ट्रीट’मध्ये आकड्यावर, तर ‘फिफ्थ ॲव्हेन्यू’मध्ये रस्त्यावर. यामागे अर्थाचे कारण शोधण्याचा खटाटोप मी सोडून दिला असून आघात आधीच्या शब्दाला देणाऱ्या ‘केक’, ‘ज्यूस’ आणि ‘स्ट्रीट’ यांसाठी वहीत तांबड्या शाईची वेगळी रांग आखली आहे.