प्रकाशाने जागे होणारे औषध सगळ्याच गाठींवर का चालत नाही?

मी प्रकाशसंवेदी संयुगांवर काम करतो हे कळले, की लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात: प्रकाश पडताच कर्कपेशी मारणारे औषध असेल, तर ते प्रत्येक रुग्णाला का देत नाहीत? विचारणाऱ्याच्या घरात अनेकदा कोणी आजारी असते, म्हणून मी उत्तर सविस्तर देतो.

अंधारात निरुपद्रवी असणारे हे संयुग प्रकाश शोषून ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देते. असा उत्तेजित ऑक्सिजन पेशीत काही मायक्रोसेकंदच टिकतो आणि तेवढ्या वेळात पेशीच्या रुंदीइतके अंतरही कापत नाही, त्यामुळे घाव तिथल्या तिथेच बसतो. म्युनिकमध्ये 1900 साली ऑस्कर राब या विद्यार्थ्याला आढळले होते, की अशाच एका संयुगाच्या, म्हणजे अ‍ॅक्रिडिनच्या द्रावणातले पॅरामीशियम हे एकपेशी जीव उजेडात लवकर मरतात आणि अंधारात बराच काळ जगतात.

अडचण प्रकाशाची आहे. उपचारासाठी बहुधा वापरला जाणारा 630 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश ऊतीत काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर शिरतो. निळा त्याहूनही कमी. मोठ्या गाठीच्या गाभ्यापर्यंत किंवा इतरत्र पसरलेल्या पेशींपर्यंत तो पोहोचत नाही, आणि तिथे शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांसारख्या इतर उपचारांना पर्याय नसतो. पृष्ठभागावरच्या पातळ, नुकत्या उगवलेल्या रोगासाठी मात्र एवढी खोली पुरते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. आपल्या पेशी त्यापासूनच हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक, बनवतात. हे आम्ल बाहेरून जास्त दिले, की हीम तयार होण्याआधीचे प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशसंवेदी संयुग साचते, आणि अनेक कर्कपेशींत ते निरोगी पेशींहून अधिक साचते. निळ्या प्रकाशात ते लाल चमकते, म्हणजे रोग दाखवते; लाल प्रकाशात तेच त्या पेशीला मारते. दाह झालेली जागाही कधी कधी चमकते, म्हणून बायोप्सी टाळता येत नाही, हे मी आवर्जून सांगतो.

आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाचा कर्करोग फार आहे, आणि तोंड ही प्रकाश सहज पोहोचेल अशी जागा आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकी संशोधकांच्या साहाय्याने प्राथमिक अवस्थेतल्या रुग्णांवर हेच आम्ल आणि बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा वापरून चाचण्या झाल्या. महागड्या लेसरची गरज पडली नाही. मला या दिशेकडून फार आशा आहे.

राहिला प्रश्न संयुगांचा. 1993 साली कॅनडात मान्यता मिळालेले फोटोफ्रिन शरीरात इतके रेंगाळते, की रुग्णाला किमान 30 दिवस ऊन टाळावे लागते. कडक उन्हात कामावर जाणाऱ्या माणसाला हे परवडत नाही, म्हणून अधिक लांब तरंगलांबीचा, म्हणजे अधिक खोल शिरणारा प्रकाश शोषणारी आणि शरीरातून लवकर बाहेर पडणारी संयुगे घडवणे, हेच आमचे सध्याचे काम आहे.