माळ तुटली त्या दिवशी

गळ्यात तुळशीची माळ घालून मला आता पाच वर्षं होतील आणि खरं सांगायचं तर घातली तेव्हा श्रद्धा वगैरे काही नव्हती. सासरे माळकरी, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांची फार इच्छा आणि मी नवी सून, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार. मटण सोडायचं, एकादशी धरायची, रोज हरिपाठ, खोटं बोलायचं नाही. म्हटलं बाकीचं जमेल एकवेळ, पण हे शेवटचं काही आपल्याच्याने होत नाही.

पहिलं वर्ष हरिपाठ म्हणजे नुसतं उरकणं. नाशिकच्या सिडकोतलं आमचं घर छोटं, ओट्यापाशी उभी राहून म्हणायचे, कुकरची शिट्टी मोजली की अभंग विसरायचा आणि अभंग आठवला की शिट्ट्या किती झाल्या ते विसरायचं. नानांना म्हटलं मन लागत नाही हो. ते म्हणाले, लागो न लागो, तोंड चालू ठेव. रागच आला मला, हे काय उत्तर झालं?

आपल्या त्र्यंबकच्या निवृत्तीनाथांची गोष्ट नाशिककडे सगळ्यांना पाठ असते, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आला, पळापळ झाली आणि ते गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, तिथे दीक्षा मिळाली. मला मात्र त्याच्या पुढचं भारी वाटतं. निवृत्तीनाथांचा जन्म १२७३ चा आणि ज्ञानदेवांचा १२७५ चा मानतात, म्हणजे अंतर फक्त दोन वर्षांचं आणि तरी हा त्याला गुरू मानतो! माझा दादाही दोनच वर्षांनी मोठा आहे, त्याने वायफायचा पासवर्ड सांगितला तरी मी दोनदा चेक करते. आणि इथे भावाच्या शब्दावर १२९० मध्ये ज्ञानेश्वरी होते, जवळपास नऊ हजार ओव्या, आणि त्यावर भाऊ म्हणतो ही गीतेवरची टीका झाली, आता स्वतःचं काही लिही, मग अमृतानुभव. मी असते तर रुसून बसले असते.

असो. तर माळ.

मे महिना होता, मी कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या खात्यात आहे, सकाळी दहाच्या सुमारास आयडी कार्डच्या दोरीत माळ अडकली आणि तुटलीच, मणी मशिनच्या खाली पार लांबपर्यंत. सगळ्यांनी मिळून वेचून दिले. आमच्याकडचा नेम असा की माळ परत गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. कूलर दहा पावलांवर, घसा कोरडा, आणि नानांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. तरी प्यायले नाही. देव बघतोय असं काही मनात आलं नव्हतं हो, का नाही प्यायले ते मला अजून धड सांगता येत नाही. संध्याकाळी घरी आले, नानांनी चष्मा लावून एकेक मणी ओवला, मग पाणी.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका लॉटचं बोअर रीडिंग, म्हणजे भोकाच्या व्यासाचं माप, ठरलेल्या मर्यादेबाहेर जात होतं. साहेब म्हणाले ताई पाच मायक्रॉनचं काय घेऊन बसलात, ओके टाका, गाडी उभी आहे. आता लपवत नाही, याआधी मी असं ओके टाकलेलं आहे, एकदा नाही बऱ्याचदा. त्या दिवशी हातच चालेना. कूलरसमोरून न पिता परत आले होते तेच डोक्यात आलं, की तेव्हा तर कुणी बघतही नव्हतं. जे रीडिंग आलं तेच लिहिलं. लॉट थांबला, साहेब आठ-दहा दिवस बोलले नाहीत आणि त्या वर्षी इन्क्रिमेंटही यथातथाच झालं, म्हणजे देवाने बक्षीस बिक्षीस काही दिलं नाही. पण त्या रात्री झोप मस्त लागली एवढं खरं. नानांना सगळं सांगितलं तर ऐकून घेतलं आणि विचारलं, हरिपाठ झाला का?

झाला नव्हता. तेव्हाच बसले, कुकर न लावता.

येत्या पौष वद्य एकादशीला दिंडीबरोबर त्र्यंबकला पायी जायचं ठरवलंय, अठ्ठावीस-एक किलोमीटर, थंडी मरणाची असते आणि माझ्या टाचा आत्तापासूनच कुरकुरतायत. दादाही येतो म्हणतोय, पण अंजनेरीपर्यंत बाईकवर आणि तिथून पायी. मी हसले तर नाना म्हणाले, येऊ दे गं, तेवढं तर तेवढं.