आमची वाटचाल: काजव्यांच्या पॅकेजची

2013 साली आम्ही सुरुवात केली तेव्हा भंडारदऱ्याला आलेला माणूस धरण बघायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत फिरायचा. गावाला मिळायचे ते चहाचे पैसे. जीप वेगळी ठरवायची, वाटाड्या वेगळा शोधायचा, जेवण मिळालं तर मिळालं. मी आणि रतनवाडीकडचे एक जीपवाले भाऊ, आम्ही दोघांनी हे सगळं एका दरात बांधलं. इगतपुरी स्टेशनवरून गाडी, दुपारी अमृतेश्वराचं देऊळ, अंधार पडला की काजवे, गावातल्या घरी मुक्काम आणि सकाळी सांदण दरी. मे अखेर ते जूनचा मध्य, एवढाच हंगाम. पाऊस एकदा जोरात लागला की काजवे संपतात आणि दरीही बंद होते.

आमचं भांडवल म्हणजे पाळीची वही, पाहुणे कोणत्या घरी कधी उतरवायचे याची. प्रत्येक घराला एक पान: अंथरुणं किती, संडास आहे का, घरात लग्न किंवा सुतक आहे का, पाहुण्यांची मागची पाळी कधी झाली. जवळचं घर सोयीचं म्हणून त्यालाच दोनदा पाहुणे दिले, असं आम्ही एकदाही केलं नाही. दुसरं हत्यार लाल जिलेटीन कागद. प्रत्येक टॉर्चच्या काचेवर तो रबरबँडनं बसवायचा. काजव्याचा उजेड हा नर-मादीचा इशारा असतो, पांढऱ्या झोतात तो त्यांना एकमेकांचा दिसत नाही.

मग 2018. आमच्याकडे दोन हंगाम काम केलेल्या मुलानं शहरातल्या एका कंपनीला आमचा कार्यक्रम जसाच्या तसा नेऊन दिला. ‘टॉर्चला लाल कागद आम्ही देऊ’ ही ओळसुद्धा त्यांच्या जाहिरातीत होती. माणशी चारशे रुपये कमी. कमी कुठून केले? घरं काढून टाकली. धरणाच्या काठावर तंबू, बाहेरून आणलेलं जेवण आणि पन्नास सीटच्या बसा. आमच्या नऊ ग्रुपांपैकी सहा रद्द झाले. मी तर घरांना तांदूळ-नाचणी भरायला आगाऊ पैसे देऊन बसलो होतो. ते परत मागायला तोंड नव्हतं. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. जीपवाले भाऊ त्या महिन्यात भाडं न घेता फिरले, डिझेल तेवढं घेतलं.

पैशापेक्षा एक रात्र जास्त लागली. आमचे अकरा पाहुणे सादड्याच्या झाडांखाली गप्प उभे होते, झाडं लुकलुकत होती. तेवढ्यात वळणावरून त्यांच्या दोन बसा आल्या, हेडलाइट थेट झाडांवर. सगळं विझलं. बराच वेळ एकही काजवा चमकला नाही. तो मुलगा बसच्या दारात उभा होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. त्याला वही वाचायला मीच शिकवली होती.

वाचवलं डोंबिवलीच्या एका निवृत्त बाईंनी. शाळेत विज्ञान शिकवायच्या, पहिल्या वर्षापासूनच्या आमच्या पाहुण्या. फोनवर एवढंच म्हणाल्या, “तारीख सांगा, मी गाडी भरून आणते.” दोन गाड्या आणल्या, दर न विचारता. मुक्काम मात्र त्यांना नेहमीच्याच मावशींकडे हवा होता. वहीत पाळी दुसऱ्या घराची होती, तेव्हा बाई म्हणाल्या, “मग पाळी मोडू नका.” मावशींकडे चहा पिऊन त्या दुसऱ्या घरी झोपायला गेल्या.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो. जेवणाचा खर्च माणशी असतो, गाडीचा नसतो. सतरा सीटरचा हिशेब बारा माणसांवर धरा, नाहीतर पाच सीट रिकाम्या गेल्या की घरांचे पैसे कापायचा मोह होतो. शेवटच्या सीट सवलतीत विकू नका, आधी पैसे भरलेले शेजारीच बसलेले असतात. आणि घराचे पैसे पाहुणे जेवून उठले की त्याच रात्री द्या.

मधली वर्षं बरी गेली. 2020 चा हंगाम टाळेबंदीत बुडाला, सगळ्यांचाच बुडाला. आम्ही अॅडव्हान्स पैसा न् पैसा परत केला.

सुरुवातीला चार घरं होती, आज वहीत चौदा आहेत. त्या कंपनीचे तंबू दोन हंगामांनंतर दिसले नाहीत. ती जाहिरात मी वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवली आहे. या वर्षी पहिल्या शनिवारची पाळी मावशींची आहे आणि डोंबिवलीच्या बाईंनी तोच शनिवार घेतला आहे.