रंगूनच्या फुटपाथवर पिठलं

म्यानमारला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिकडे कशाला?" माझं उत्तर तयार असतं, मी रत्नागिरीची. शाळेची सहल थिबा पॅलेसला, पाहुणे आले की थिबा पॅलेस, सूर्यास्त बघायचा तर थिबा पॉइंट. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा, आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आणून ठेवलं कुठे तर आमच्याकडे, आणि 1916 मध्ये बिचारा रत्नागिरीतच वारला. लहानपणी मला त्याच्या राज्याबिज्याचं काही पडलेलं नव्हतं, एकच प्रश्न होता, की हा माणूस आपल्या घरी काय जेवत असेल आणि आमच्याकडे आल्यावर त्याचे जेवणाचे किती हाल झाले असतील.

तर डिसेंबर 2019, यांगून. (आजी रंगूनच म्हणायची, मीपण तेच म्हणणार.) कोरोनाच्या आधी आणि 2021 च्या लष्करी उठावाच्याही आधी, म्हणजे शहर तेव्हा निवांत होतं. संध्याकाळची चालत फिरायची खाद्य-टूर बुक केली. सोबत नवरा, पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि मी मासे दिसले की भान हरपणारी. साडेचारला सुले पॅगोडाजवळच्या महाबंडुला बागेपाशी भेटायचं होतं. गाईड पंचविशीतली मुलगी, लुंगी नेसलेली (तिकडे तिला लाँजी म्हणतात, बायका-पुरुष दोघंही नेसतात), गालांवर थनाखाचा चंदनासारखा लेप. ती मला 'अमा' म्हणायला लागली. मला वाटलं आई म्हणतेय की काय, एवढी म्हातारी दिसते का मी, पण अमा म्हणजे ताई. जीव भांड्यात पडला.

नवऱ्याची अडचण सांगितल्यावर तिने एक शब्द पाठ करून घेतला, 'थेत्थात्लुत्', म्हणजे जीव न मारता केलेलं, थोडक्यात शाकाहारी. त्याने तो रस्ताभर जपासारखा म्हटला. दुकानदार छान हसून मान डोलवायचे आणि मग सवयीने सुक्या कोलंबीचा चुरा भुरभुरायला हात पुढे करायचे. गाईडने तीनदा अक्षरशः हात धरले लोकांचे.

पहिला थांबा समोसा. पण तसा नाही हातात देत. बाईने कात्री घेतली आणि दोन समोसे कचाकचा कापून वाडग्यात टाकले, वर बारीक कोबी, कांदा, पुदिना, चिंचेचं पाणी, तिखट, भाजलेलं बेसन, आणि त्यावर वाटाण्याचं पातळ गरम सूप ओतलं. समोशाची मिसळच की! फक्त तर्री नाही आणि चव आंबट. याला म्हणतात समुसा थोउक, आणि थोउक म्हणजे कालवलेलं. इंग्रजीत त्याला सॅलड लिहितात ते मला अजिबात पटलं नाही, कारण ती बाई हाताने कालवत होती, पार मनगटापर्यंत, आपण पोहे कालवतो तसं. 500 च्यात, म्हणजे तेव्हाचे आपले तेवीस-चोवीस रुपये. त्यांच्या चलनाचा उच्चार च्यात, आणि नवरा दर वेळी "चाट किती?" असं विचारून स्वतःच हसत होता. सहन केलं.

मग एका गल्लीच्या तोंडाशी भला मोठा अप्पेपात्र. म्हणजे चपटा तवा, त्यात असंख्य खळगे, खाली कोळसा. तांदळाचं पातळ पीठ किटलीने ओतायचं, काहींत लावीचं अंडं, काहींत हरभरे आणि कांद्याची पात, आणि खालून कुरकुरीत झालं की एक अर्धा उचलून दुसऱ्यावर पालथा घालायचा, दोघं चिकटतात. नाव 'मों लिन मया', नवरा-बायको! नवऱ्यासाठी हरभऱ्याचे घेतले, माझे अंड्याचे, म्हणजे जोड्यांतही आमचं जमलं नाही.

पण मी जिथे खरंच थांबले ते तोहूच्या गाडीवर. टोफू म्हणून नवऱ्याने आधीच तोंड वाकडं केलेलं. पण शान लोकांचा हा तोहू सोयाचा नसतोच, बेसनाचा असतो. पिवळ्याधमक वड्या, सुरीने पातळ कापून वर चिंच, लसणाचं तेल, दाण्याचा कूट, कोथिंबीर. शेजारच्या पातेल्यात तोच प्रकार थापायच्या आधीचा, गरम, रटरटणारा, घट्टसर, मधूनच एखादा बुडबुडा फुटून झाकणावर उडणारा. नूडल्सवर एक पळी घालून देतात. नवरा एक घास खाऊन गप्प, मग म्हणाला, "अगं हे पिठलं आहे." होतंच! फोडणी तेवढी नव्हती. गेले चार दिवस केळी आणि पाव खाऊन काढलेला माणूस, त्याने दोन वाटग्या पिठलं खाल्लं, स्टुलावर बसून. ते स्टूलही आपल्याकडे बाथरूममध्ये असतं तेवढं, गुडघे हनुवटीला टेकतात.

पुढचं पटकन सांगते. डुकराच्या आतड्या-काळजाच्या काड्या, मध्ये उकळतं भांडं, भोवती लोक दाटीवाटीने, शेवटी ज्याच्या त्याच्या काड्या मोजून पैसे. लांबून बघितलं. चायनाटाऊनमधली 19वी गल्ली बिअर आणि बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध, मला फार काही विशेष वाटली नाही. चहाच्या दुकानात मात्र मजा, वेटरला बोलवायला ओठांनी पुच-पुच आवाज करतात, पापी घेतल्यासारखा. आपल्याकडे केलं तर चप्पल येईल. गल्ल्यांत वरच्या मजल्यांवरून दोऱ्या लोंबत होत्या, टोकाला चिमटा. पेपर, भाजीची पिशवी अडकवायची आणि वर ओढायची, आजीच्या गिरगावातल्या चाळीतली टोपली आठवली.

मोहिंगा शेवटी. तो खरं तर नाश्त्याचा पदार्थ, पण संध्याकाळीही मिळतो. तांदळाच्या शेवया, वर माशाचं दाटसर कालवण, त्यात गवती चहा, केळीच्या गाभ्याच्या चकत्या, आणि दाटपणाला परत बेसन! वरून डाळीची कुरकुरीत भजी आणि लिंबू. दोन वाडगे खाल्ले. थिबा राजाचे अगदीच हाल झाले नसतील असं वाटलं, मासे, तांदूळ, केळी, सगळं दाराशी होतं की त्याच्या.

आणि लफे थोउक, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांचं. काळपट हिरवा लगदा, सोबत तळलेल्या डाळी, दाणे, तीळ, लसूण, कोबी. पहिला घास कडू, तिसऱ्यापासून हात थांबेना. गाईड म्हणाली अमा, रात्रीचं जास्त नको खाऊ, झोप नाही येणार. ऐकलं नाही. अडीचपर्यंत टक्क जागी.

येताना लफेचं पाकीट आणलं, रत्नागिरीला आईपुढे कौतुकाने कालवून ठेवलं. तिने डाळी-दाणे वेचून खाल्ले, पानं बोटाने बाजूला सारली आणि म्हणाली, "अगो, हा चोथा मी रोज गुलाबाला घालते, नि तू पैसे देऊन आणलंस?"