डबा आणि तट्टू

दुपारची डुलकी आटोपून फोंड्याकडचं एखादं जोडपं अमेरिकेला लेकीकडे जायची बॅग भरायला घेतं. लेकीने कळवलेलं असतं, व्हर्जिनियात रानटी तट्टांच्या डोंगरावर एक दिवस चालायला जाऊ. इकडे पहिला प्रश्न, डब्याला काय? गोंयकाराचा बेत पोटापासून सुरू व्हायचा, त्यात वावगं काही नाही. पण या डोंगरावर नेमका डबाच नडतो.

ग्रेसन हायलँड्स हे उद्यान आणि त्याला लागून असलेला माउंट रॉजर्स हा तो भाग. तिथल्या तट्टांना रानटी म्हणणं जरा कौतुकाचंच. उघड्या माळांवर झुडुपं माजू नयेत म्हणून १९७०च्या दशकात अमेरिकी वनखात्याने ती सोडली. आज शंभरेक असतील. बारा महिने उघड्यावर राहतात, शरद ऋतूत त्यांना गोळा करून तपासतात आणि जास्तीच्या शिंगरांचा लिलाव होतो. थोडक्यात, सरकारी नोकरीच, फक्त पगार गवतात.

आपल्याकडे मोलेच्या जंगलवाटेवर गवा दिसला तर त्याच्यापुढे चिक्की धरायचं कुणाच्या मनात येत नाही. तट्टू मात्र जेमतेम छातीएवढं, झुलपं डोळ्यांवर आलेली. माणूस लगेच पिशवीत हात घालतो. घोड्याला उलटी करता येत नाही, हे तेव्हा आठवायला हवं. पोटात भलतं गेलं की ते वर येत नाही. पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावूही शकतं. शिवाय एकदा चपातीची चटक लागली की पुढच्या माणसाची पिशवी ते स्वतःच उघडू पाहतं. पिशवी जमिनीवर टेकवायची नाही. घामाने खारट झालेले पट्टे तट्टं चाटतात, चावतात. कान मागे पडले की बाजूला व्हायचं, मागच्या पायांशी जायचं नाही, घोडी आणि शिंगराच्या मधे तर मुळीच नाही. हात लावायचा नाही. फोटो लांबूनच.

चालायचा हिशेब सोपा आहे. ग्रेसन हायलँड्समधल्या मॅसी गॅपला गाडी लावायची. तिथून माउंट रॉजर्सच्या शिखरापर्यंत जाऊन येऊन साधारण १४ किलोमीटर. पाट्यांवर मैल असतात, दीडपटीहून थोडं जास्त धरायचं. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास हा जुना हिशेब. तो इथे साडेतीन तास सांगेल. खडकाळ वाटेवर गुडघे त्याला जुमानत नाहीत. तट्टांपाशी रेंगाळण्यासकट सहा-सात तास धरावेत. दुपारी एकला जिथे असू तिथून परत फिरायचं, हे घरीच ठरवावं. वर गेल्यावर कुणी ऐकत नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा. इथून जाणाऱ्या अपालाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेची खूण म्हणजे पांढरा उभा पट्टा, फाट्यांवर निळा.

मॅसी गॅप १४०० मीटरच्या आसपास, म्हणजे खालच्या गावापेक्षा बरंच गार. आपल्या लोकांना छत्री न्यावीशी वाटते. धारेवरचा वारा ती पहिल्या दहा मिनिटांत उलटी करतो. जीन्सही नको, भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते. पातळ लोकरी सदरा, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, माणशी दोन लिटर पाणी. धुकं केव्हाही उतरतं. मग पांढरा पट्टा दिसेपर्यंत थांबायचं, अंदाजाने चालायचं नाही.

माउंट रॉजर्स १७४६ मीटर, व्हर्जिनियातलं सर्वांत उंच शिखर. वर गेल्यावर सूचिपर्णी झाडांची दाटी आणि खडकात बसवलेली धातूची एक चकती, बाकी काही दिसत नाही. सगळा देखावा अलीकडे विल्बर्न रिज या उघड्या धारेवरच. त्यामुळे शिखरापर्यंत जायलाच हवं असं काही नाही. शिखराच्या रानातला डबा तेवढा निवांत. देखाव्याच्या जागी झाकण उघडलं की तट्टं हजर. दोन्ही एका ठिकाणी जमत नाही, त्याला इलाज नाही.