रिमोटचा रेडिओ ठरला: आधी वेळ, मग अंतर

मंडळी, घरी बांधत असलेल्या क्वाडची, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनची, फ्रेम, मोटर आणि फ्लाइट कंट्रोलर (उडताना तोल सांभाळणारा बोर्ड) मार्गी लागले. आता रिमोट. तो आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर घरीच बांधतोय, आणि त्यात रेडिओ कोणता घालायचा यावर बरंच अडलं होतं.

आपल्या ग्रुपात पहिला प्रश्न हमखास येतो, "रेंज किती?" परभणी जिल्ह्यातल्या मानवतकडची आमची रानं सपाट. सोयाबीन निघालं की नजर थेट कालव्याच्या भरावापर्यंत जाते, म्हणून किलोमीटरचे आकडे भुरळ घालतात. पण क्वाड डोळ्यांना दिसतोय तोवरच उडवायचा असतो, आणि लहान क्वाडचं तोंड कुठं आहे ते त्याच्या कितीतरी आधीच कळेनासं होतं. त्यामुळं मी रेंज बाजूला ठेवून वेळ मोजायला घेतला.

आठ चॅनलची, म्हणजे वर-खाली, वळणं अशा आठ आदेशांची, माहिती १२ बाइटच्या एका पॅकेटमध्ये बसते. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीच्या एसएक्स१२७६ चिपवर एसएफ७ ही वेगवान सेटिंग आणि १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ (पट्ट्याची रुंदी) ठेवली, तर एवढं पाठवायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम २५ पॅकेट. शेतातल्या टाकीची पातळी कळवायला हे उत्तम, वाऱ्यात क्वाड धरायला नाही. बँडविड्थ ५०० केली की वेळ चौथाईवर येतो, पण मग रेंजही कमी होते. एनआरएफ२४एल०१+ या २.४ गिगाहर्ट्झच्या स्वस्त रेडिओ चिपवर २५० केबीपीएसला (सेकंदाला २५० किलोबिट) तेच पॅकेट एक मिलिसेकंदाच्या आत जातं. मला सेकंदाला ५० पॅकेट हवी होती, ती पाठवूनही हवा बहुतेक वेळ मोकळीच राहते.

४३३ मेगाहर्ट्झचं एचसी-१२ हे रेडिओ मॉड्यूल जोडायला सगळ्यात सोपं, पण त्याची ताकद १०० मिलिवॅटपर्यंत जाते. आपल्याकडे या पट्ट्यात विनापरवाना सूट आहे ती फक्त १० मिलिवॅटची आणि घरातल्या वापरासाठी. म्हणून ते बाद. लोराची ९१५ मेगाहर्ट्झवाली मॉड्यूलंही घेऊ नका, तिथं ८६५ ते ८६८ हा आपला मोकळा पट्टा.

तर ठरलं एनआरएफ, पीए-एलएनए (पाठवताना ताकद आणि ऐकताना संवेदनशीलता वाढवणारा भाग) आणि बाहेरच्या अँटेनासह. घेताना 'प्लस' नीट बघा, कारण साध्या एनआरएफ२४एल०१ ला २५० केबीपीएस येतच नाही आणि रेंजचा मोठा फायदा त्याच कमी वेगात आहे. चिपवरच्या छापावर भरवसा नको, आर्डुइनोच्या आरएफ२४ लायब्ररीतलं isPVariant() हे फंक्शन चालवून खात्री करा. नॅनोच्या ३.३ व्होल्ट पिनेवर हे मॉड्यूल चालवू नका. पाठवताना ते शंभर मिलिअँपिअरच्या वर खेचतं. मी एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर वेगळा दिलाय आणि मॉड्यूलच्या पायांशीच १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डकवलाय.

रेडिओचा चॅनल ठेवलाय ७६, म्हणजे २४७६ मेगाहर्ट्झ, वायफायच्या अकराव्या चॅनलच्या जरा वर. इंटरनेटवर १०८ चा सल्ला सर्रास मिळतो, पण ते २५०८ झालं आणि आपला मोकळा पट्टा २४८३.५ लाच संपतो. ऑटो-अ‍ॅक (पोच मिळेपर्यंत पॅकेट आपोआप पुन्हा पाठवणं) बंद ठेवलंय. हरवलेलं जुनं पॅकेट पुन्हा पाठवण्यापेक्षा स्टिकची (रिमोटवरच्या दांडीची) ताजी स्थिती पाठवलेली बरी.

शेजारच्या उसानं मात्र चांगलंच शिकवलं. रिमोट बांधावर आणि रिसीव्हर उसाच्या पलीकडे कमरेएवढ्या उंचीवर ठेवला की पॅकेट गळायला लागतात. हिरव्या पाल्यातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं. शिवाय अर्धा किलोमीटरवर या लहरींना मध्यावर सरळ रेषेच्या चारी बाजूंनी जवळपास ४ मीटर मोकळी जागा लागते. तोच रिसीव्हर बांबूवर वर चढवला की गळती थांबते. त्यामुळं उसावरून कमी उंचीवर उडायचं नाही, एवढं पक्कं केलंय.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावरचा बंदोबस्त, दोन पायऱ्यांचा केलाय. अर्धा सेकंद पॅकेट आलं नाही तर स्टिक मध्यावर आणि थ्रॉटल (मोटरची ताकद) हवेत स्थिर राहायला लागते त्याच्या जरा खाली. तरीही काही आलं नाही तर फ्लाइट कंट्रोलर स्वतः उतरवतो. प्रोपेलर काढून, रिमोट बंद करून हे शेतातल्या आखाड्यावर पुनःपुन्हा तपासतोय. शेवटचा थ्रॉटल तसाच धरून ठेवणारा रिसीव्हर हवेत नेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांनी सरळ एक्स्प्रेसएलआरएस ही तयार रिमोट-रिसीव्हर प्रणाली घ्यावी. त्यातल्या एसएक्स१२८० चिपवर लोरा २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला ५०० पॅकेटपर्यंत चालतं. मला प्रत्येक बाइट कुठून कुठं जातो ते स्वतः बघायचं आहे, म्हणून हा लांबचा रस्ता. पुढचं काम गिम्बलचं, म्हणजे स्टिकच्या यंत्रणेचं: स्थिती मोजायला पोटेन्शिओमीटर (घासून फिरणारा रोध) की हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा). कुणी हॉल सेन्सर वापरला असेल तर मे महिन्याच्या उन्हात मध्यबिंदू सरकतो का, ते जरूर कळवा.